जलाशय ओलांडताना : होडीतील भार, वारा आणि पाण्यातील खुणा

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. बाराही महिने दुथडी वाहणारी नदीही नाही. तरीसुद्धा कृषिविद्येच्या अधिव्याख्यात्याने होडीविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्याकडील पाणी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बदलले आहे. एकबुर्जी, सोनल, अडाण हे मध्यम प्रकल्प, अनेक लघु तलाव आणि पैनगंगेवर बांधलेले बॅरेज यांमुळे पूर्वी जेथे पायी ओढा ओलांडत होतो तेथे आता दोन-तीन पुरुष खोल पाणी उभे असते. शेत पलीकडच्या काठाला, गाव अलीकडच्या काठाला आणि रस्त्याने जायचे तर मोठा वळसा, अशी परिस्थिती काही गावांत आहे. मग भोई बांधवांचा डोंगा, लोखंडी पिंपांचा तराफा किंवा ट्रॅक्टरची ट्यूब यांचा आधार घेतला जातो. दिवाळीनंतर पाणी उतरू लागले की गाळपेर जमिनीवर हरभरा, कलिंगड, भाजीपाला घेणारे शेतकरी बियाणे व खताची पोती याच मार्गाने नेतात. म्हणजे होडी हे आपल्याकडे शेतीचे अवजारच झाले आहे. तिफणीची, फवारणी पंपाची माहिती आपण घेतो, तशीच या अवजाराचीही घ्यावयास हवी.

दि. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगा नदीत नाव उलटली आणि मिरची तोडणीसाठी पलीकडे निघालेल्या सहा महिला बुडाल्या. त्याच वर्षी दि. २१ मे रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात सापडून उलटली व सहा जणांना जीव गमवावा लागला. त्याआधी दि. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून अकरा जणांचा बळी गेला. ही तिन्ही ठिकाणे आपल्यासारखीच आहेत. समुद्र कोठेच नाही. रोजची वाट, ओळखीचे पाणी आणि पलीकडचा काठ डोळ्यांना दिसत असताना हे घडले. अशा दुर्घटनांची बातमी वाचताना आपण 'नशीब' म्हणतो. माझ्या मते त्यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग जास्त असतो. तो हिशेब प्रथम पाहू.

होडी किती भार पेलते?

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन एक हजार किलो असते. एवढ्यावरून कोणत्याही होडीचा भार घरच्या घरी काढता येतो.

समजा आपला डोंगा ४ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ४५ सें.मी. खोल आहे. लांबी-रुंदीचा गुणाकार ४ चौरस मीटर येतो. परंतु दोन्ही टोके निमुळती असल्याने त्यातील चौथा हिस्सा कमी करावा. राहिले ३ चौरस मीटर. असा डोंगा एक सें.मी. खाली बसला की ३० किलो भार पेलला जातो. आता पाण्याच्या वर किती काठ मोकळा राहावा हे ठरवावे. जलाशयाच्या उघड्या पाण्यात किमान ३० सें.मी., म्हणजे फूटभर काठ मोकळा असणे आवश्यक आहे. ४५ मधून ३० वजा जाता डोंग्याने फार तर १५ सें.मी. खाली बसावे. १५ गुणिले ३० म्हणजे ४५० किलो. त्यातून डोंग्याचे स्वतःचे वजन १६० किलो धरून वजा केले तर २९० किलो उरतात. साठ किलोचा एक माणूस धरला तर नावाडी, तीन प्रवासी आणि ५० किलोचे खताचे एक पोते. झाला डोंगा भरला.

हा आकडा ऐकून बहुतेक जण हसतात, कारण एवढ्याच डोंग्यात सात-आठ माणसे नेहमी जात असतात. जातात हे खरे, आणि शांत पाण्यात पोहोचतातही. पण तो हिशेबही करून पाहावा. नावाडी व सात मजूर म्हणजे ४८० किलो, डोंगा १६० किलो, एकूण ६४० किलो. डोंगा २१ सें.मी. खाली बसतो आणि काठ २४ सें.मी. मोकळा राहतो. आता मध्येच कोणी उठून उभे राहिले किंवा दोघे-तिघे एका बाजूला सरकले, तर डोंगा दहा अंश सहज कलतो. एक मीटर रुंदीच्या डोंग्यात दहा अंशांच्या कलाने त्या बाजूचा काठ जवळपास ९ सें.मी. खाली जातो. राहिले १५ सें.मी. तेवढ्यात हातभर उंचीची लाट आली, तर तिचा माथा सरासरी पातळीपेक्षा वीतभर वर असतो. पाणी आत येते.

आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. तळाला केवळ ५ सें.मी. पाणी साचले तरी या डोंग्यात सुमारे १५० लिटर, म्हणजे आणखी अडीच माणसांचा भार वाढला. शिवाय हा भार एका जागी बसत नाही. अर्धवट भरलेले पाण्याचे टँकर ट्रॅक्टरमागे नेताना वळणावर कसे हिसका देते याचा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. तसेच आतले पाणी कललेल्या बाजूला धावते आणि डोंगा आणखी कलतो. त्यामुळे होडीत पाणी उपसण्यासाठी डबा किंवा बादली दोरीने बांधून ठेवावीच. पाणी घोट्याला लागण्याची वाट न पाहता उपसा सुरू करावा.

आपल्या डोंग्याचा हिशेब एकदा झाला की बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, जेथवर पाणी यावे तेथे पांढऱ्या रंगाची दोन बोटे रुंद पट्टी मारून घ्यावी. समुद्रावरील जहाजांवरही अशीच भाररेषा रंगवलेली असते. पट्टी पाण्याखाली जाऊ लागली की पुढचा माणूस दुसऱ्या फेरीला. यात वाद नको. नावाड्याला 'नाही' म्हणणे जड जाते, कारण चढणारे गावचेच असतात. पट्टी रंगवलेली असली म्हणजे 'नाही' ती म्हणते.

माणसांनी होडीच्या तळाला, मध्यभागी बसावे. काठावर बसू नये. पोती तळाला, लांबीच्या मध्यावर आडवी ठेवावीत आणि त्यावर कोणी बसू नये, कारण भार जितका उंच तितकी होडी लवकर उलटते. बैल, म्हैस यांना छोट्या होडीत चढवूच नये. शेळ्या न्यावयाच्या असल्यास पाय बांधून खाली बसवाव्यात.

तराफा, ट्यूब आणि थर्माकोल

दोनशे लिटरच्या चार पिंपांचा तराफा अनेक ठिकाणी दिसतो. चार पिंपे पूर्ण बुडेपर्यंत ८०० किलो भार पेलतात, पण पूर्ण बुडेपर्यंत कोणी थांबावयाचे नसते. पिंपे निम्मी बुडावीत, म्हणजे ४०० किलो. लोखंडी पिंप साधारण २० किलोचे, म्हणून चार पिंपांचे ८० आणि वरच्या बांबू-फळ्यांचे १२० किलो वजा करता २०० किलो उरतात. म्हणजे तीन माणसे, आणि सोबत काही नाही. लोखंडी पिंपाला आतून गंज चढतो व बारीक छिद्रातून पाणी शिरते, ते बाहेरून कळत नाही. हंगामापूर्वी प्रत्येक पिंप सोडून, हलवून, आत पाण्याचा आवाज येतो का ते पाहावे. प्लॅस्टिकची पिंपे वापरल्यास झाकणाचे वायसर नवे बसवावे. कीटकनाशकाची रिकामी पिंपे यासाठी वापरू नयेत.

थर्माकोलचे ठोकळे मच्छीमार बांधव वापरतात. थर्माकोल तरंगतो चांगला, परंतु घासून त्याचे मणी सुटतात आणि पेट्रोल सांडले तर तो विरघळतो. ज्या तराफ्यावरून डिझेल किंवा पेट्रोलचे डबे न्यावयाचे तेथे उघडा थर्माकोल नको. एकट्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात जाणे हा तर जिवाशी खेळच आहे. बाभळीचा एक काटा पुरेसा असतो, आणि आपल्या तलावांत बाभळी किती बुडाल्या आहेत हे सांगावयास नको.

वारा केव्हा धोक्याचा?

विदर्भात मार्च अखेरपासून मृग नक्षत्रापर्यंत दुपारनंतर ढग जमून एकाएकी वावटळ व वळवाचा पाऊस येतो. सकाळी आरशासारखे असलेले पाणी चार-पाच वाजता खवळते. शेतमजुरांची परतीची वेळही नेमकी हीच. उजनीची दुर्घटना मे महिन्यात संध्याकाळी घडली, हे लक्षात घ्यावे.

लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याला पाण्यावरून धावावयास मिळालेले अंतर या दोन गोष्टींवर अवलंबून असते. चिंचोळ्या नाल्यात कितीही वारा असला तरी लाट वाढत नाही. परंतु सरळ तीन कि.मी. उघडे पाणी असेल आणि ताशी पन्नास कि.मी. वेगाचा वारा अर्धा-पाऊण तास वाहिला तर जवळपास हातभर उंचीच्या लाटा उठतात. वारा ज्या काठाकडून येतो त्या काठाजवळ पाणी शांत असते आणि ज्या काठावर जाऊन आदळतो तेथे लाटा सर्वात मोठ्या असतात. म्हणून निघताना समोर शांत दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये. पलीकडच्या काठावरील झाडे किती हलतात ते पाहावे.

आकाशात पश्चिमेला काळा ढग उभा राहिला, गार वाऱ्याची झुळूक आली, लांब धुळीची भिंत दिसू लागली, की होडी सोडू नये. पाण्यात असताना वारा आलाच तर पलीकडे पोहोचण्याचा हट्ट सोडून जवळचा काठ गाठावा, मग तो कोणताही असो. होडीचे टोक लाटेकडे किंचित तिरपे धरावे. लाट बाजूवर घेतली की होडी उलटते. सर्वांनी तळाला बसावे. घाबरून उभे राहणारा एक माणूस वाऱ्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

उघड्या पाण्यावर विजेचा धोकाही मोठा असतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाईलवरील ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याची पूर्वसूचना देते. गावातील एखाद्या तरुणाच्या मोबाईलवर ते असावे व नावाड्याला कळवण्याची व्यवस्था असावी. मेघगर्जना ऐकू आली तर ती वाट पाहण्याची वेळ नसते, काठ गाठण्याची असते.

पाण्याखालचे गाव

आपले जलाशय शेतजमिनींवर उभे आहेत. पाण्याखाली जुन्या विहिरींचे कठडे, बाभळी, घरांचे जोते, तारेची कुंपणे, कोठे विजेचे जुने खांब असतात. भाद्रपदात दोन पुरुष पाण्याखाली असलेला कठडा फाल्गुनात वीतभर पाण्याखाली येतो. धोका त्याच काळात सर्वात जास्त, कारण तो दिसत नाही आणि होडीचा तळ त्याला लागतो. चैत्रात तो उघडा पडतो व आपण विसरतो.

समुद्रावर हा प्रश्न फार जुना आहे. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ साली आणि कुलाब्याच्या टोकापुढील प्राँग्ज दीपगृह १८७५ साली उभे राहिले, ते खडकांपासून जहाजे वाचवण्यासाठीच. दीपगृहाशिवाय पाण्यात साखळीने बांधलेल्या तरंगत्या खुणा असतात. त्यांना बोया म्हणतात. पूर्वी देशोदेशी या खुणांचे रंग वेगवेगळे असत व गोंधळ होई. १९८० साली एक समान पद्धत ठरली आणि ती आता जगभर चालते. भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला आणि हिरवी उजव्या हाताला ठेवावयाची. अमेरिका, जपान आदी देशांत हेच रंग उलट आहेत. आपल्यापैकी कोणाचा मुलगा जहाजावर नोकरीला असेल तर तो हे सांगेल. सुरक्षित पाण्याची खूण लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची असते. पिवळी खूण विशेष जागेसाठी, उदा. पाण्याखालची वाहिनी किंवा राखीव क्षेत्र दाखवण्यासाठी असते.

आपल्या कामाची खूण वेगळी आहे. एखादाच खडक किंवा बुडालेले जहाज असेल आणि त्याच्या चहूबाजूंना पाणी मोकळे असेल, तर तेथे काळ्या रंगाची व मध्ये लाल आडवा पट्टा असलेली खूण ठेवतात. तिच्या डोक्यावर एकावर एक असे दोन काळे गोळे असतात. अर्थ एवढाच की, धोका येथे खाली आहे, दूर राहून कोणत्याही बाजूने जा. विहिरीचा बुडालेला कठडा हा नेमका असाच धोका आहे. आपणही हीच खूण वापरावी. प्रत्येक गावाने मनाने वेगळे रंग काढू नयेत, नाहीतर शेजारच्या गावचा नावाडी चुकेल.

ही खूण उभी करण्याची वेळ एप्रिल-मे हीच आहे. पाणी उतरून कठडे व खोडे उघडी पडतात तेव्हा मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद आणि गाळपेर करणारे शेतकरी यांनी मिळून एक दिवस जलाशय फिरावा. ज्येष्ठ मंडळींना सोबत घ्यावे, कारण जुन्या विहिरी व पांदण रस्ते त्यांनाच ठाऊक असतात. प्रकल्पाच्या शाखा अभियंत्यास लेखी कळवून परवानगी घ्यावी, कारण जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. कठड्यालाच लोखंडी पाईप तारेने व सिमेंटने पक्का बसवावा. त्याची उंची जलाशय पूर्ण भरल्यावरही पाण्याच्या वर किमान एक मीटर राहील इतकी असावी. वरच्या टोकाला काळा-लाल-काळा रंग द्यावा आणि ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागे लावतो ती लाल चमकणारी पट्टी चारही बाजूंनी चिकटवावी, म्हणजे पहाटे बॅटरीच्या उजेडात ती दुरून दिसते. गोळ्यांसाठी काळे रंगवलेले दोन जुने प्लॅस्टिकचे डबे चालतात.

काही जण दोरीला दगड बांधून पिंप तरंगत ठेवतात. हे सोपे आहे, पण त्यात एक खोट आहे. पूर्ण भरल्यावर ८ मीटर खोल असलेल्या जागी दोरी ९ मीटर लागते. एप्रिलमध्ये तेथे पाणी ३ मीटर उरले, की तेच पिंप वाऱ्याबरोबर साडेआठ मीटर लांब सरकते आणि धोका एकीकडे, खूण दुसरीकडे अशी गत होते. खोल पाण्यात नाइलाजाने पिंप वापरावे लागले तर दर महिन्याला दोरी आखडून घ्यावी.

दोन खुंटांची ओळ

धोक्याच्या जागा अनेक असतील तर प्रत्येकावर खूण करण्यापेक्षा मधली सुरक्षित वाट दाखवणे स्वस्त पडते. बंदरांत त्यासाठी किनाऱ्यावर दोन खांब उभे करतात. पुढचा ठेंगणा, मागचा उंच. समुद्रातून येणाऱ्याने दोन्ही खांब एकावर एक दिसतील असे जहाज चालवावयाचे. मागचा खांब उजवीकडे सरकलेला दिसला की आपण वाट सोडून उजवीकडे आलो, डावीकडे दिसला की डावीकडे आलो.

आपल्याला हे नवे नाही. पेरणीच्या वेळी पहिले तास सरळ यावे म्हणून आपण बांधाकडे दोन खुंट ओळीत ठोकतो व त्यावर नजर ठेवून तिफण हाकतो. तेच येथे करावयाचे. काठावर पाण्यालगत पाच-सहा फूट उंचीचा एक खांब आणि त्याच्या मागे चढावर तीस-चाळीस मीटर अंतरावर दहा-बारा फुटांचा दुसरा. दोन्हींना पांढरा चुना किंवा रंग द्यावा. दोहोंमधील अंतर जितके जास्त तितकी ओळ अचूक. खांब गाडण्यापूर्वी उन्हाळ्यात, तळ उघडा असताना, त्या ओळीवरून चालत जाऊन वाट खरोखर मोकळी आहे याची खात्री करून घ्यावी. एका काठाला अशी एक जोडी व समोरच्या काठाला दुसरी असली म्हणजे जाता-येता काम होते. आमच्या कृषिविद्येतील नांगरटीचा धडा येथे पाण्यावर कामी येतो, याचे मला समाधान वाटते.

भिंत, दारे आणि वीजपंप

धरणाची भिंत, सांडवा आणि बॅरेजची दारे यांच्या जवळ होडी नेऊ नये. दार थोडेच उघडलेले असेल तर वरून पाणी शांत दिसते, परंतु खाली ओढ असते. दाराच्या किंवा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडून उलटे फिरते. तेथे सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते व चांगला पोहणाराही सुटत नाही. पावसाळ्यात भोंगा वाजला किंवा पाणी सोडणार असल्याची दवंडी झाली तर नदीपात्रातील होड्या, जाळी व मोटारी लगेच वर घ्याव्यात.

वीजपंपाच्या केबली हा आपल्याकडचा खास धोका आहे. काठापासून आत सोडलेल्या केबलला वल्हे किंवा इंजिनाचा पंखा अडकतो, सांधा उघडा पडतो आणि ओले शरीर विजेच्या संपर्कात येते. केबलचा सांधा पाण्यात कधीही ठेवू नये. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण स्टार्टरजवळ बसवावे. जेथे मोटारींची गर्दी आहे तेथे पिवळी खूण लावून होड्यांनी वळसा घालावा.

समोरासमोर दोन होड्या आल्या तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, पाण्यावर नियम उलट आहे, आणि हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जाळे टाकत असलेल्या होडीला इंजिनाच्या होडीने लांबून वळसा द्यावा. अंधारात वल्ह्याच्या होडीतही पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी असावी. इंजिन बसवलेली होडी असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी, तपासणी व विमा आवश्यक ठरतो. प्रवासी नेऊन पैसे घेणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

अंगावर काय असावे?

दि. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी दि. १८ डिसेंबर रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. होडी उलटल्यावर जॅकेट घालता येत नाही. ते निघतानाच घालून, पट्टे आवळून बसावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही, ते डोक्यावरून निसटते.

पाण्यात माणसाचे शरीर जवळपास तरंगतच असते. डोके वर राहण्यास आणखी चार-पाच किलोचा आधार पुरतो. पूर्वी पोहायला शिकताना कमरेला वाळका भोपळा बांधत, त्यामागे हेच तत्त्व होते. जॅकेट मिळेपर्यंत पाच लिटरचे दोन रिकामे, घट्ट झाकणाचे डबे रुंद पट्टीने छातीशी बांधावेत. ते सुमारे दहा किलोचा आधार देतात. परंतु बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवण्याचे काम डबे करीत नाहीत, ते जॅकेटच करते. म्हणून डबे हा तात्पुरता उपाय समजावा. एका जॅकेटची किंमत ही खताच्या एक-दोन पोत्यांच्या हिशेबातली बाब आहे. बचत गट किंवा मजूर नेणारा शेतमालक यांनी ती घ्यावीत. मजूर महिला ज्याच्या शेतात जातात त्याने त्यांच्या वाटेची काळजी घेणे मला तरी मजुरीचाच भाग वाटतो. नऊवारी किंवा सहावारी पाण्यात पायांना गुंडाळते, तेव्हा कासोटा घालून बसावे. डोक्याची पाटी, विळा, पाण्याची कळशी कमरेला बांधू नये.

होडी उलटलीच तर

उलटलेली लाकडी होडी बहुधा तरंगत राहते. तिला धरून राहावे. काठ जवळ वाटला तरी पोहत निघू नये, कारण पाण्यावरचे अंतर डोळ्यांना कमी भासते. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणे ही मदतीची खूण सर्वत्र मानली जाते. एक शिट्टी गळ्यात असेल तर आवाज ओरडण्यापेक्षा लांब जातो. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगवून घ्यावेत. कोण व किती जण चढले याची मोजणी काठावरील एकाला माहीत असावी, नाहीतर शोध कितींचा घ्यावयाचा हेच कळत नाही.

वाचवणाऱ्याने लगेच उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. प्रथम बांबू पुढे करावा. तो पुरत नसेल तर बैलाचा कासरा किंवा विहिरीचा दोर फेकावा. टोकाला पाच लिटरचा डबा बांधून त्यात ग्लासभर पाणी ठेवले तर तो लांब फेकला जातो व तरंगतोही. कोणताच उपाय नसेल तेव्हाच, तरंगणारी वस्तू सोबत घेऊन, पट्टीच्या पोहणाऱ्याने जावे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, मिठाच्या ढिगात ठेवणे हे सर्व प्रकार निरुपयोगी आहेत आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. पोट दाबल्याने अन्न घशात येऊन श्वासनलिकेत जाते. त्याला सपाट जागी उताणे ठेवावे, मान थोडी मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. छाती वर येते का ते पाहावे. त्यानंतर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांच्या तळव्यांनी दोन इंच खोल, जोरात व भरभर तीस दाब द्यावेत, मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये, दमल्यास दुसऱ्याने हाती घ्यावे. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवून ओले कपडे काढावेत व कोरडे पांघरूण घालावे. आणि तो उठून बोलू लागला, चहा मागू लागला तरीही त्याला ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास कधी कधी काही तासांनी, घरी निजल्यावर सुरू होतो.